दोनाने भागलेला जावई

दिवाळीची दुपार, पोटात भरपेट जेवण, त्यावर अनारसे, पाठीला लोड आणि समोर सासुरवाडीची माणसं, अशा वेळी जावयाने डोळे मिटून गप्प पडून राहावं, असा माझा आता तमाम जावयांना सल्ला आहे. 2004 साली मला तो कुणी दिला नाही. माझी सासुरवाडी माण तालुक्यातली, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यातली, जिथे पावसाचा विषय निघाला की माणसं घर सोडून गेलेल्या थोरल्या मुलाबद्दल बोलावं तशी बोलतात. मेहुण्याच्या डोक्यात तीन एकर डाळिंब लावायचं घाटत होतं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही फिजिक्सवाले. पुढं पाऊसपाणी कसं राहील वो?"

'बघू या, त्याच्या मनात असेल तसा पडेल' एवढं पुटपुटून मला कूस बदलता आली असती. पण महिन्यापूर्वीच मी प्रादेशिक हवामान मॉडेलांवरचा एक लेख अर्धा वाचला होता, आणि लेख अर्धाच वाचलेला असला की माणसाला फार बोलायला सुचतं. मी उठून बसलो. म्हणालो, "तुझ्या शिवारात या शतकाच्या अखेरीला किती पाऊस पडेल, ते घरच्या संगणकावर काढून देतो."

सासरे, म्हणजे आबा, सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"पावणं, शतक राहू द्या. पुढच्या सालचं सांगा."

"पुढच्या सालचं नाही सांगता येत, आबा. शतकाचं सांगता येतं."

शास्त्र म्हणून हे वाक्य अगदी चोख आहे. एखाद्या वर्षी कुठे काय पडेल हा प्रश्न वेगळा आणि तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या कुठे सरकतील हा वेगळा. पण ओसरीवर ते फार वाईट ऐकू येतं. अडकित्ता पुन्हा सुरू झाला, आणि त्या कातरण्याच्या आवाजात माझ्याबद्दलचं मत होतं.

त्यात पुण्याला परतलो तर कॉलेजात फर्मान: प्रत्येकाने एक लघु संशोधन प्रकल्प दाखवलाच पाहिजे. अनुदान एवढं मिळालं, की त्यात एक बरा संगणक आला आणि उरलेल्यात समोसे.

आता हे प्रकरण काय असतं ते चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो. साऱ्या जगाचं हवामान गणिताने चालवणारी जी मोठी मॉडेलं असतात, ती पृथ्वीला चौकोनांची जाळी घालतात. त्या काळी एकेक चौकोन अडीच-तीनशे किलोमीटरचा असायचा. एवढ्या चौकोनात सह्याद्री मावतो, पण दिसत नाही. कळसूबाईची 1646 मीटर उंची आजूबाजूच्या सखल भागात वाटली जाते आणि आपला कडेकपारींचा सह्याद्री बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा होतो. म्हणून मग जगाचा एकच तुकडा घ्यायचा, त्याला 50 किलोमीटरची बारीक जाळी घालायची, आणि तुकड्याच्या चारी कडांना वारा, तापमान, दमटपणा काय आहे, ते मोठ्या मॉडेलकडून दर सहा तासांनी विचारून घ्यायचं. आमच्या फ्लॅटसारखंच. आत मांडामांड आपली, पण दारं-खिडक्या शेजाऱ्यांकडे उघडणाऱ्या. शेजारी बोंबील तळले गेले, की आपण कितीही निगुतीने श्रीखंड केलेलं असो, घरात वास बोंबलांचाच. मोठ्या मॉडेलच्या चुका अशाच आत येतात.

ब्रिटनच्या हॅडली सेंटरने 'प्रेसिस' नावाचं असं एक मॉडेल साध्या पीसीवर चालेल अशा बेताने बांधलं होतं. ज्या देशांकडे महासंगणक नाहीत त्यांनाही आपापल्या भागाचं काही काढता यावं, हा त्यामागचा हेतू. त्यात माझ्यासारख्यांचीही सोय होईल हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं नसावं.

ते चालवायला शिकवणाऱ्या कार्यशाळेत मी पहिल्याच दिवशी नाव काढलं. तुकडा स्वतः निवडायचा होता. जितका लहान तुकडा तितकं काम लवकर, हे मी लगेच हेरलं आणि काटकसरीने नेमका महाराष्ट्र कापला. पश्चिमेची कड बरोब्बर सह्याद्रीच्या माथ्यावरून. शिकवणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. बराच वेळ पडद्याकडे बघून ती अदबीने म्हणाली, "सर, पाऊस अरबी समुद्रावरून येतो ना?"

मी म्हटलं, हो.

"मग समुद्र कुठाय?"

कड कधी डोंगरावर ठेवायची नसते. बाहेरचं ढोबळ हवामान आणि आतलं बारीक हवामान यांची तिथे गाठ पडते आणि कडेच्या चार चौकोनांत नुसती ओढाताण चालते. तिथले आकडे टाकूनच द्यायचे असतात. म्हणजे ज्या घाटासाठी सारा खटाटोप, तोच मी टाकाऊ पट्ट्यात नेऊन ठेवला होता. शेवटी तुकड्यात अरबी समुद्र आला, बंगालचा उपसागर आला, उत्तरेला हिमालय आला. डाळिंब तीन एकरच राहिलं.

घरी आल्यावर मला वाटलं, 50 किलोमीटर म्हणजे फारच ढोबळ. 25 करून टाकू. चौकोन निम्मा केला की एका चौकोनाच्या जागी चार होतात, आणि शिवाय घड्याळाची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणजे काम आठपट. आठपट ऐकून मी चौकोन तेवढे निम्मे केले आणि घड्याळाला, जिथे हात घालू नये तिथे हात घालून, जुनंच पाऊल धरायला लावलं. याला गणितात एक कायदा आहे. कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तिघांनी 1928 सालीच सांगून ठेवलेला. एका पावलात वाऱ्याने आख्खा चौकोन ओलांडून पलीकडे उडी मारता कामा नये, मारली तर हिशोब फाटतो. माझ्याकडे तो तासाभरात फाटला. अहमदनगरवर वाऱ्याचा वेग असा काही आला, की त्या वेगाने अहमदनगर अहमदनगरात राहिलं नसतं. मग पडद्यावर आकडे जाऊन नुसती अक्षरं येऊ लागली. ही भाजीची पिशवी घेऊन आत आली, बघून म्हणाली, "झालं का?" मी म्हटलं, "झालं."

त्या रात्री मला लुईस फ्राय रिचर्डसनने धीर दिला. हा इंग्रज गृहस्थ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींच्या गाड्यांवर होता, आणि मधल्या वेळात गवताच्या ढिगाचं टेबल करून हाताने हवामानाचा हिशोब करत बसायचा. 20 मे 1910 या दिवसाचे सहा तास त्याने निवडले. सहा तासांच्या अंदाजाला सहा आठवडे लागले, आणि उत्तर आलं, की हवेचा दाब 145 मिलिबारने बदलणार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जागचा हलला नव्हता. मधेच त्याचं हस्तलिखितही हरवलं, ते पुढे बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. एवढं होऊनही त्याने 1922 साली ते पुस्तक त्या चुकलेल्या उत्तरासकट छापलं. आज साऱ्या जगाचे हवामानाचे अंदाज त्याच पद्धतीने निघतात. मी ही गोष्ट हिला मोठ्या उमेदीने सांगितली. ती म्हणाली, "त्याला भाजी निवडायला कुणी सांगत नसेल."

तर 50 किलोमीटरवर, मुकाट्याने, एप्रिल 2005 मध्ये काम सुरू झालं. आधी भूतकाळ काढायचा असतो, 1961 ते 1990. त्याच्याही आधीचं एक वर्ष फुकट चालवून टाकून द्यायचं, कारण मॉडेलमधल्या जमिनीची ओल जागेवर बसायला वेळ लागतो. आईला हे मात्र एका फटक्यात पटलं. "लोणचं मुरायला नको का?" ती म्हणाली. माझ्या संशोधनाला घरातून मिळालेला हा एकमेव पाठिंबा.

तीस वर्षं चालायला साडेचार महिने. रात्रंदिवस. मधल्या खोलीत संगणकाचा पंखा घोंघावे, त्यातून गरम हवा येई, आणि आठवड्याभरात कामाच्या मावशींना शोध लागला की त्यापुढे मोजे सुंदर वाळतात. मी खोलीत तापमापक लावून पाहिला. बाकी घरापेक्षा दोन अंश जास्त. माझ्या प्रकल्पातली खात्रीलायक तापमानवाढ ती तेवढीच.

आणि गुरुवार! पुणेकराला गुरुवार म्हणजे काय हे सांगायला नको. दुरुस्तीसाठी वीज जायची ती दर गुरुवारी. मॉडेल बिचारं शहाणं असतं. ठरावीक काळाने आपली सगळी परिस्थिती डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे वीज आली की तिथून पुढे सुरू. ऑगस्टपर्यंत असं चालत आम्ही 1984 सालाशी येऊन पोचलो. मग भाचीचं बारसं झालं, नव्या डिजिटल कॅमेऱ्याने चिरंजीवांनी तिचे चारशे फोटो काढले, आणि ते ठेवायला डिस्कवर जागा पुरेना. मी जागा करायला बसलो. काही अगडबंब फायली होत्या, त्यांच्या नावात 'डम्प' असं होतं. डम्प म्हणजे कचरा, एवढं इंग्रजी मला येतं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

साडेतीन महिने चालून आम्ही पुन्हा 1960 सालात आलो. भाचीचे फोटो छान आलेत. त्यातल्या एकात मागे मी दिसतो, फाइली पुसून टाकण्याच्या आदल्या दिवसाचा, हसरा.

मधे 26 जुलै येऊन गेला होता. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला 74 सुद्धा नाही धड. माझा नंदुरबारपासून सावंतवाडीपर्यंतचा नकाशा मी उघडून बसलो होतो. त्यात सांताक्रूझ आणि कुलाबा एकाच चौकोनात येत होते. एका चौकोनाला पाऊस एकच. धाकटा भाऊ त्या रात्री अंधेरीला ऑफिसातच अडकला होता, फोन लागत नव्हता. त्या दिवशी मी 1982 सालचा पाऊस बंद करून रेडिओ लावला.

वाईच्या आत्याचंही तसंच. महाबळेश्वर आणि वाई एकाच चौकोनात गेलेली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे कोसळतो, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईत बघाल तर त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही. मॉडेलने दोघांना एकत्र बसवून वाटणी केली. आत्याला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "देतोयस तर टाकीत दे."

संक्रांतीला, जानेवारी 2006 मध्ये, मी रंगीत छपाई करून घेतलेले भूतकाळाचे नकाशे घेऊन सासुरवाडीला गेलो. ओसरी तीच, लोड तोच. मी एकेक नकाशा मांडला. आबांनी चष्मा लावला, वर्षं वाचत वाचत बोट 1972 वर ठेवलं आणि विचारलं, "हे निळं काय हाय?"

"पाऊस, आबा. चांगला झालेला दिसतोय."

ओसरीवर जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. आबा तहसील कचेरीत कारकून होते. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामांवर मस्टर भरले होते, बायामाणसांना खडी फोडताना पाहिलं होतं, रांगेत उभं राहून सुकडी घरी आणली होती. त्या बहात्तरवर त्यांचा जावई निळा रंग देऊन आला होता.

मी घाईघाईने सांगू लागलो, की कडांवरून हवा पुरवणारं मोठं मॉडेल आपलं हवामान आपणच घडवत जातं, त्याचं 1972 म्हणजे आपलं 1972 नसतं, तीस वर्षांचा एकूण गोषवारा तेवढा बघायचा. खरी वर्षं हवी तर प्रत्यक्ष नोंदींवरून बांधलेला डेटा कडांना द्यावा लागतो, आणि तो उतरवून घ्यायचा मी जरा कंटाळा... आबांनी हात वर केला. "म्हंजे दुष्काळ आमच्याकडं पडला आन् पाऊस तुमच्याकडं."

विषय बदलावा म्हणून मेहुण्याने 1985 सालचा मे उघडला. आमच्या लग्नाचा दिवस, 31 मे. दिवस सापडेना. सापडणार कसा? या मॉडेलचं वर्ष 360 दिवसांचं. बारा महिने, प्रत्येक तीस दिवसांचा, हिशोबाला सोपा. फेब्रुवारीला तीस तारीख आहे, पण एकतीस कुठल्याच महिन्याला नाही. हिने नकाशावरून नजर माझ्याकडे वळवली. "म्हणजे झालंच नाही?" तिच्या आवाजात मला किंचित आशा ऐकू आली.

मग आबा आत गेले आणि एक गाठोडं घेऊन बाहेर आले. आत वह्या. लांबट, खाकी पुठ्ठ्याच्या, लाल शाईने रकाने आखलेल्या. कचेरीतल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मापात ओतून नोंदवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं, आणि सरकारी नोंदीची एक नक्कल ते घरच्या वहीत करत. 1958 पासून. कोरड्या दिवशी रकाना रिकामा नाही सोडलेला. शून्य काढलंय, नीट, गोल. 1972 च्या जुलैचं पान मी पाहिलं. एकाखाली एक शून्यं, आणि मधे एका ठिकाणी दोन मिलिमीटर. त्या दोनाभोवती पेन्सिलीने पुसट गोल केलेला.

तिथेच बसून मी मॉडेलचे तीस वर्षांचे आकडे आणि वहीतले तीस वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले. माणला वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी गाव पेढे वाटतं. मॉडेल हजाराच्या घरात देत होतं. जाळी ढोबळ, त्यामुळे सह्याद्री बुटका, त्यामुळे त्याच्यावरून पाऊस सांडून पलीकडे पर्जन्यछायेत येत होता. याला उपाय असतो. नोंदींशी ताडून पाहायचं, मॉडेल किती पटीने वाहवत जातं ते काढायचं, आणि पुढचे आकडे त्या पटीने दुरुस्त करून घ्यायचे. मी हे दहा मिनिटं समजावलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे पावण्यांनी सांगितलेलं दोनानं भागायचं."

एका आकड्याने भागून भागत नाही, हे खरं. मॉडेल आमच्या माणला पाऊस जून-जुलैत पाडत होतं, आणि तिथे जो काही येतो तो बराचसा परतीचा, सप्टेंबरातला. महिन्या-महिन्याला वेगळा भागाकार लागतो, आणि भूतकाळाला लागू पडलेला भागाकार भविष्यालाही लागू पडेल याची हमी कुणी देत नाही. पण हे ऐकायला ओसरीवर कुणी थांबलं नव्हतं. हुरड्याची वेळ झाली होती.

भविष्य बाकी होतं, 2071 ते 2100. ते चालू करताना मॉडेल आपल्यालाच आधी विचारतं, की तोवर माणसं कशी वागतील? त्या वेळी त्याच्या ठरीव पटकथा होत्या. 'ए-टू' म्हणजे ज्याचं त्याने पाहावं, माणसं वाढत जावीत, धूर वाढत जावा. 'बी-टू' म्हणजे आपापल्या गल्लीत का होईना, थोडं शहाणपण. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची पाण्याच्या टाकीवरून सभा झाली. तिथून आल्यावर मी न विचारताच ही म्हणाली, "ए-टू."

तो उन्हाळा भारनियमनाचा. मी हट्टाने इन्व्हर्टर घेतला. त्यावर एक तर संगणक चाले, नाही तर दिवे. मार्चमध्ये चिरंजीवांची दहावी होती. 2086 सालचा पावसाळा अडू नये म्हणून 2006 सालच्या बोर्डाचा अभ्यास त्याने मेणबत्तीवर केला. त्याला विज्ञानात जेवढे मार्क पडले, त्यावर आमच्या घरात चर्चा होत नाही.

निकाल हाती आले तेव्हा कळलं, की पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच प्रेसिसवर साऱ्या देशाचा अभ्यास करून 2006 मध्येच छापलाय: शतकाअखेर तापमान अडीच ते पाच अंशांनी वर, पाऊसही एकंदरीत वाढता. ही संस्था माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. जाऊन विचारलं असतं तर चहा देऊन सांगितलं असतं. पुढे तिथे 'प्रत्यूष' हा महासंगणक आला, मग 2024 साली 'अर्का'. अनेक मॉडेलं शेजारी-शेजारी चालवून त्यांच्यात कितपत एकमत होतं ते पाहायचं, अशी आता रीत आहे. 2020 च्या सरकारी अहवालात देशाचं तापमान 1901 ते 2018 दरम्यान 0.7 अंशाने वाढल्याचं आणि धूर असाच वाढत राहिला तर शतकाअखेर 4.4 अंशांपर्यंत जाण्याचं लिहिलंय. मी तो अहवाल वाचला. पूर्ण वाचला, त्यामुळे कुणाला काही सांगितलं नाही.

आणि मेहुणा? मी हाती बाड घेऊन गेलो, ए-टू म्हटलं, तीस वर्षांची सरासरी म्हटलं, पाऊस वाढला तरी तो थोड्या दिवसांत धो-धो पडेल असं म्हटलं, उष्म्याचं सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि मला शेतावर नेलं. झाडं कमरेएवढी झाली होती. "गेल्या पावसाळ्यातच लावली, दाजी. आबांनी वह्या बघून सांगितलं, दोन एकरच लाव."

आबा आता नव्वदीला टेकलेत. गेल्या वर्षी मेहुण्याच्या मुलीचं लग्न होतं. पुण्याकडची किती माणसं येणार म्हणून मेहुण्याने मला फोन केला, मी म्हटलं, पन्नास तरी धर. फोन स्पीकरवर असावा. मागून आबांचा आवाज आला, आचाऱ्याला उद्देशून: "पावण्यांचा आकडा हाय. पंचवीस पानं वाढीव धर."

आम्ही सव्वीस जण गेलो.